पत्रा सरळ खाली पडत नाही

"मॅडम, पट्टी आणखी लांब नेलीत तर कॅन्टीनचा रस्ताच बंद होईल," प्लांट हेड वैतागून म्हणाले.

तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर. उंच शेडचे जुने पत्रे बदलायचे होते. खाली बॅरिकेड, म्हणजे माणसांना आत येऊ न देणारी लाल-पांढरी पट्टी, भिंतीपासून पाच मीटरवर होती. मला ती पंधरावर हवी होती.

"वरून पडलं तर खालीच पडणार ना?" साहेब म्हणाले.

उंचीवर काम करणाऱ्यांचा मुकादम जयवंत बाजूलाच उभा होता. माहीमच्या मच्छीमार घरातला. तो म्हणाला, "साहेब, पत्रा हाय तो. शिडासारखा वाऱ्यावर जाणार."

साहेबांना पटेना. मी म्हटलं, "दहा मिनिटं द्या."

कॅन्टीनपर्यंतचं सगळं आवार रिकामं केलं. जयवंतने वरून एक लोखंडी नट सोडला. तो भिंतीच्या पायथ्याशी पडला. मग त्याने प्लास्टिकच्या पत्र्याचा तुकडा सोडला. तो डुलत, घसरत, पट्टी ओलांडून थेट कॅन्टीनच्या रस्त्यावरच्या नळापाशी गेला. तिथे मासवणच्या सुनंदाताई रोज कॅन्टीनची भांडी घासत बसायच्या.

कारण साधं आहे. पडणाऱ्या वस्तूला हवा अडवते. नट लहान आणि जड, त्याला हवा फारसं रोखू शकत नाही. पत्रा रुंद आणि त्या मानाने हलका. तो तिरका झाला की हवा त्याला बाजूला ढकलते.

साहेबांनी नळापाशी जाऊन तो तुकडा उचलला. "रस्ता बंद करा. भांडी मागच्या बाजूला घासू देत."

तिसऱ्या दिवशी दुपारी जोराचा वारा आला आणि वरून आरडाओरडा झाला, "हटो! हटो!" एक अख्खा पत्रा सुटला होता. तो गिरकी घेत आला आणि नळाची तोटी मोडून थांबला. आसपास कोणी नव्हतं.

सुनंदाताई धावत आल्या. तोटीकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, हितंच बसते ना मी."

मी त्यांना पाणी दिलं. तो पत्रा दोरीने बांधायचा राहिला होता आणि सकाळची तपासणी माझीच होती. रिपोर्टमध्ये मी तसंच लिहिलं. जखमी : कोणी नाही. नुकसान : एक तोटी.

आता कुठलंही उंचीवरचं काम निघालं की साहेब आधी विचारतात, "वस्तू जड आहे की रुंद?" पट्टी किती लांब न्यायची ते त्यानंतर ठरतं.