बारा सेकंदांची झोप

आमच्या कॅनडातल्या विनिपेगच्या ऑफिसात एक घाणेरडी सवय होती. ती मलाही होती, तेव्हा नावं ठेवताना मी स्वतःला वगळत नाही. वृद्धाश्रमातल्या नर्स टॅब्लेटवर यादी बघून म्हाताऱ्यांना औषधं देतात, तो प्रोग्रॅम आम्ही बनवतो. त्यात काही बदललं की तो तपासणाऱ्या शेकडो टेस्ट आपोआप चालतात. एखादी नापास होऊन लाल झाली तर कारण शोधायचं, हा नियम. आम्ही मात्र ती हिरवी होईपर्यंत पुन्हा चालवायचं बटण दाबत बसायचो आणि मग कॉफी आणायला जायचो.

आर्लीन फ्रीसेनला याची शिसारी यायची. बाई साठीला टेकलेली, बावीस वर्षं टेस्टिंगमध्ये काढलेली, जेवणाच्या डब्यात कायम बटाट्याचं सारण भरलेल्या गार पेरोगी. तिच्या सहीशिवाय नवी आवृत्ती बाहेर जात नसे.

एका मंगळवारी नेहमी अडणारी एक टेस्ट पुन्हा लाल झाली. तिच्यात एक नर्स गोळी देऊन 'दिली'वर टिचकी मारते, लगेच दुसरी नर्स आपल्या टॅब्लेटवर तीच यादी उघडते. तिलाही 'दिली' दिसायला हवं. दहातून एकदा दिसत नव्हतं.

"लहरी आहे ती," मी म्हणालो. "दाब परत."

"लहरी माणसं असतात, डॅरेल. आणि हिला मध्येच बारा सेकंद थांबायला कोणी सांगितलंय?"

मीच. आधी दोन सेकंद, मग पाच, मग बारा. थांबलं की टेस्ट बहुतेक वेळा पास व्हायची.

"म्हणजे झोपवलंस तिला. खरी नर्स थांबते का बारा सेकंद? शी!"

आमचा साहेब ब्रेंट आला. "आर्लीन, गुरुवारी पाठवायचंय. कर सही."

"नाही करणार. कुणाच्या तरी आजीला दोनदा गोळी जाईल."

"मग सहीला मी दुसरं कुणीतरी बघतो."

"खुशाल बघ."

बुधवारी सकाळी तिने उलटं केलं. टेस्टमधलं थांबणं काढलं आणि प्रोग्रॅममध्ये घातलं, गोळीची नोंद जिथे साठवली जाते नेमकं तिथे. टेस्ट दहाच्या दहा वेळा लाल! आमचा प्रोग्रॅम पहिल्या नर्सला 'दिली' आधी दाखवत होता आणि नोंद मागाहून करत होता. त्या फटीत यादी उघडणाऱ्या नर्सला जुनंच दिसायचं. बोट ठेवून दाखवल्यावर ब्रेंटचं तोंड उतरलं. मला तर माझीच किळस आली.

दुपारपर्यंत तिने आणि मी क्रम बदलला. आधी नोंद, मग 'दिली'. एकीने टॅब्लेटवर एखाद्या गोळीची नोंद उघडली असेल तर दुसरीला अडवायचं. कुठेही न थांबवता टेस्ट पाचशे वेळा चालवली. पाचशे वेळा हिरवी.

ब्रेंट डोनटचा खोका घेऊन आला. "सुटलो बाबा!"

"चौदा महिने ही चूक घेऊन प्रोग्रॅम बाहेर चालू आहे," आर्लीन म्हणाली. "आश्रमांना कोण सांगणार?"

"आपण होऊन कशाला अंगावर ओढवून घ्यायचं?"

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने हातातला डोनट खाली ठेवला. मग तिने फोन स्पीकरवर टाकला आणि एकेका आश्रमाला सांगायला लागली. दोघांनी ऐकून आभार मानले. तिसऱ्या ठिकाणच्या व्यवस्थापक बाईने मात्र तिला मध्येच थांबवलं.

"आमच्याकडे झालंय हे," ती म्हणाली. "मागच्या हिवाळ्यात. आमच्या एका नर्सने, मॅरिसेलने, एका आजीला रक्त पातळ करायची गोळी दुसऱ्यांदा दिली. आजींना हॉस्पिटलात न्यावं लागलं. मॅरिसेल रडून सांगत होती, यादीत 'दिली' नव्हतं म्हणून. आम्ही तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत, नर्सचीच चूक असणार. काढून टाकलं मग तिला."

"आमच्याकडून कोण बोललं होतं?"

"डॅरेल म्हणून कोणीतरी."

आर्लीनने माझ्याकडे पाहिलंही नाही. मॅरिसेलचा नंबर तिने लिहून घेतला आणि तो कागद फोनसकट माझ्यासमोर सरकवला.