आबांच्या मिशीचा साचा

आमच्या आबांना मिशी होती. ‘होती’ हा शब्द मी विचार करून लिहितेय, कारण ती घालवण्याचं काम मी स्वतः, भर दिवसा, माणसं बघत असताना केलं.

तेव्हा मी धुळ्याला फाइन आर्टच्या तिसऱ्या वर्षाला होते. विषय शिल्पकला. घर भडगावला, पुढच्या खोलीत आबांची पिठाची गिरणी आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. मुलगी मातीत हात घालायला परगावी राहते, हे आमच्या गल्लीला काही केल्या पटत नव्हतं. (“एवढंच होतं तर वीटभट्टीवर पाठवायची ना!”) आबा मात्र दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, “आमची लता शिल्पकार होतेय.” आणि सांगताना मिशीला पीळ द्यायचे. जाड, टोकांना वर वळलेली, कायम थोडं पीठ बसलेली मिशी! गावात आबांना नावानं ओळखणारे कमी, मिशीनं ओळखणारे जास्त.

सरांनी काम दिलं होतं : घरातल्या एका माणसाचं डोकं, मातीत, हुबेहूब. मी आबांचे फोटो समोर ठेवून पहिलं डोकं केलं. सर बराच वेळ बघत राहिले.

“कोण हे?”

“वडील, सर.”

“तब्येत बरी आहे ना त्यांची?”

दुसऱ्या डोक्याला सरांनी बटाटा म्हटलं. तिसऱ्याला काहीच म्हटलं नाही. शेजारचं ओलं फडकं उचललं आणि हळूच त्याच्या चेहऱ्यावर टाकलं. सोमवारी सबमिशन होतं. मी कॉलेजच्या जिन्यात बसून रडले. आपल्याला येत नाही, कधी येणारही नाही, आणि आबा तिकडे गावभर सांगत सुटलेत, हे सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. आणि रडता रडताच मला ती कल्पना सुचली. (रडताना सुचलेल्या कल्पनांपासून देव वाचवो!)

आबांच्या चेहऱ्यावरच प्लास्टर लावायचं, सुकलं की साचा काढायचा, आणि त्यात माती दाबायची. हुबेहूब आबा! लबाडी होती, मान्य. पण चेहरा घरचाच होता.

रविवारी सकाळी प्लास्टरची पिशवी घेऊन घरी पोचले, तर घरात धावपळ. चार वाजता चाळीसगावचे पाहुणे ताईला बघायला येणार होते. मला फोनवर सांगितलं होतं म्हणे. आई कढईसमोरूनच ओरडली, “आज नाही म्हणजे नाही!”

“अगं, पाऊण तासाचं काम आहे म्हणतेय ना पोरगी,” आबा म्हणाले. “तिचं वर्ष जाईल.”

एवढा भरवसा ठेवणाऱ्या माणसाला मी गिरणीतल्या बाकावर उताणं झोपवलं. नाकात श्वासासाठी दोन नळ्या घातल्या, चेहऱ्याला व्हॅसलिन फासलं. कपाळ झालं, गाल झाले, भुवया झाल्या, आणि मिशीपाशी येता येता डबी संपली. मी म्हटलं, जाऊ दे, आबा रोज मिशीला खोबरेल लावतातच. पण पाहुणे येणार म्हणून आबांनी त्या दिवशी मिशी शॅम्पूनं धुतली होती. आयुष्यात पहिल्यांदा!

“त्रास झाला तर मूठ दाखवा, ठीक असेल तर अंगठा,” मी सांगितलं आणि प्लास्टर लावलं.

पाच मिनिटं अंगठा होता. मग शेजारच्या काकू ज्वारीचा डबा घेऊन आल्या. आबांचा चेहरा पांढरा असणं त्यांना नवीन नव्हतं. “भाऊ, जरा बारीक दळा हं, मागच्या खेपेला जाड आलं होतं,” असं बाकाकडे बघून सांगितलं, डबा ठेवला आणि निघून गेल्या.

त्यानंतर माझ्या आत्या, आक्का, पिंपळनेरहून आल्या. बसमधून उतरून थेट दारात. हातातली पिशवी खाली पडली.

“वं माय! मन्हा भाऊले काय व्हयनं?”

“काही नाही आक्का, साचा काढतेय.”

“नाकमा नळ्या शेत वं त्यान्हा! दवाखानामा कसाले नही लयी गयी?”

मी आक्कांना समजावत होते आणि तिकडे आबांची मूठ वर आली होती. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, हे आबांना सांगायचं राहून गेलं होतं. मी धावले, साचा धरून उचलला. कपाळ सुटलं, गाल सुटले, डोळे सुटले. मिशी सुटली नाही. आबा उठून बसले आणि साचा त्यांच्या वरच्या ओठाला लोंबकळत राहिला, कुलूप लावल्यासारखा!

“ओढ,” आबा साच्याच्या खालून म्हणाले.

मी ओढलं.

“नको ओढू!”

मी रडत सरांना फोन केला. सगळं ऐकून सर फक्त एवढंच म्हणाले, “केस कापा.” मग जरा थांबून, “आणि उद्या मला भेट.” (साचा काढतेय हे मी रडण्याच्या नादात त्यांना सांगून बसले होते. लबाडीसुद्धा मला धड जमत नाही!)

ताईनं कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या दादांना बोलावून आणलं. तीस वर्षं आबांची मिशी त्यांनीच राखलेली. त्यांनी साचा या बाजूनं बघितला, त्या बाजूनं बघितला, आणि डोळे पुसले. “आबा, माफ करा,” म्हणाले आणि कात्री आत घातली. मिशी गेली. साचा माझ्या हातात आला. आबांनी आरसा मागितला, बघितलं, आणि पालथा करून परत दिला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

“आते पावनासले काय सांगशी?” आक्कांनी मला विचारलं.

पाहुणे बरोबर चारला आले. मुलगा, त्याचे वडील, त्याची आई. पोहे झाले. पण मुलाच्या आईचं लक्ष ताईकडे नव्हतंच; त्या आबांच्या लालबुंद, गुळगुळीत ओठाकडे बघत होत्या. आमच्याकडे घरात कोणी गेलं तरच माणूस मिशी उतरवतो. त्यांनी नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. ते चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, “आम्हाला कळवायचं होतं ना भाऊ. कोण गेलं?”

आबांनी आईकडे बघितलं, आईनं पोह्यांच्या बशीकडे. आक्कांना राहवलं नाही.

“दूरना काका व्हतात,” त्या म्हणाल्या.

झालं! सुतकात बघण्याचा कार्यक्रम कसा करायचा? पाहुणे उठले. मुलाच्या आईनं आमच्या आईचा हात हातात घेऊन सांत्वनसुद्धा केलं. ताई माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते काकांसाठी नव्हतं.

मी आत गेले, साचा आणला आणि पाहुण्यांसमोर धरला. “कोणी गेलं नाही. मिशी गेली. इथे आहे.”

साच्याच्या आत, बरोबर जागेवर, आबांची अख्खी मिशी चिकटलेली होती. मी व्हॅसलिनपासून बटाट्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. कोणी हसलं नाही. मुलगा तेवढा तोंडावर रुमाल धरून खाली बघत होता. त्याचे खांदे हलत होते. “कळवतो,” म्हणून ते गेले.

सोमवारी सरांनी साचा उलटा करून बघितला, आतल्या केसांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “हे तुझ्या वडिलांचे?” मी मान हलवली. “मग त्यांच्यासाठी तरी हातानं कर. पंधरा दिवस देतो.”

पंधरा दिवस मी रोज बसनं धुळ्याहून भडगावला आणि परत. ताई पहिले आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी चाळीसगावहून फोन आला : मुलगी पसंत आहे, फक्त लग्नात नवरीला सजवायला धाकटीला जवळ येऊ देऊ नका. आबा दळण थांबवून माझ्यासमोर बसायचे, मिशीशिवाय, आणि तरीही येणाऱ्याला सांगायचे, “पोरगी डोकं करतेय माझं.” पीळ द्यायला हात वर जायचा आणि वाटेतच थांबायचा. ते बघून मी मान खाली घालून मातीत बोटं चालवायचे.

डोकं पूर्ण झालं. सर त्याच्याभोवती दोनदा फिरले आणि पहिल्यांदाच म्हणाले, “जमलंय. विशेषतः डोळ्यांतली भीती. ही कुठून आणलीस?”

मी म्हटलं, “आणावी लागली नाही सर. मी समोर बसले की आबांच्या डोळ्यांत ती आपोआप येते.”