ट्रॉलीचे टायर आणि दिंद्रुडचं स्थळ

आमच्या जीपचे मागचे टायर पुढच्यापेक्षा मोठे होते. ती तशी जन्माला आली नव्हती. ते माझं काम होतं.

त्या साली आमच्या भागात लागोपाठ दुसऱ्यांदा पाऊस नव्हता. नारायणगडाच्या बाजूला आमचं गाव. गडावर नवस बोलणारे तेवढे वाढले होते, बाकी सगळं कमी झालं होतं. दादा, म्हणजे माझे वडील, गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन आणि मी सेक्रेटरी. (माझी निवड बिनविरोध झाली होती. विरोध फक्त आईचा होता, पण ती सभासद नव्हती.) जनावरं चारा छावणीला गेली, दूध बंद पडलं आणि सोसायटीचे ॲल्युमिनियमचे कॅन भिंतीला टेकून ऊन खात बसले. तेव्हा दादांनी ठरवलं की कॅनला काय, दूध काय नि पाणी काय. पालीला धरणाच्या खालच्या अंगाला माझ्या मामाची विहीर होती आणि तिला अजून पाणी होतं. रोज सकाळी मी जीपमध्ये कॅन टाकून पालीला जायचो आणि भरून आणायचो. गावात वाटपही मीच करायचो. दूध घेताना लोक मला जेवढे भ्यायचे, त्याच्या दुप्पट पाणी घेताना भ्यायला लागले. माणसाला पद शोभून दिसतं ते असं.

पण जीपला ते झेपेना. भरलेल्या कॅनांनी तिचे मागचे पाटे बसले आणि नाक वर झालं. दिवे लावले तर रस्ता दिसायचा नाही, चिंचेचे शेंडे दिसायचे. समोरून येणारे लोक म्हणायचे, चेअरमनची जीप आभाळात पाऊस बघत चालली.

त्यावर मी उपाय शोधला. आमची उसाची ट्रॉली वाड्यामागं उभी होती. ऊस नव्हता, कारखाना बंद होता, त्यामुळं ट्रॉलीला पुढची दोन वर्षं काही काम पडेल असं कुणालाच वाटत नव्हतं. तिचे दोन टायर उन्हानं तडकले होते, पण दोन ठणठणीत होते. त्यांची रिंग सोळाची. जीपचीही सोळाची. मी ते दोन टायर घेऊन बीडला मुनीरभाईच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, हे मागं बसवायचे, म्हणजे मागची बाजू उचलून सरळ होईल.

मुनीरभाई पंक्चर, टायर आणि राजकारण या तिन्हींतला जाणकार माणूस. त्यानं टायरवर हात फिरवला, जीपकडं बघितलं आणि म्हणाला, "सोळा में सोळा. न बसून जातंय कुठं, भाऊ?"

टायर रुंदीला आणि उंचीला चांगलेच मोठे होते, पण आकडा जुळल्यावर आम्हा दोघांना दुसरं काही बघायची गरज वाटली नाही. बसवून झाल्यावर आम्ही जीपभोवती फेरी मारली. कॅन भरलेले असताना ती पाटावर ठेवल्यासारखी सपाट दिसत होती. मुनीरभाईनं दोघांचा चहा सांगितला आणि म्हणाला की ही आयडिया गावोगाव चालेल. मलाही तसंच वाटलं.

जीप रिकामी केल्यावर काय होतं ते आम्हाला रविवारी कळलं.

रविवारी आत्याबाई आल्या. दादांची थोरली बहीण. माझ्या लग्नाचं त्यांनी मनावर घेतलं होतं आणि दिंद्रुडला एक मुलगी बघून ठेवली होती. मुलीचे वडील गंगाधरराव तिथल्या सोसायटीचे चेअरमन. दोन्हीकडं चेअरमन म्हणजे स्थळ तोलामोलाचं. शुक्रवारी बघायला जायचं ठरलं, आणि आत्याबाईंना त्यांच्या गावी सोडायला मी जीप काढली.

आमच्या जीपला मागं समोरासमोर दोन बाकडी होती. आत्याबाई शेवटाला, वाऱ्याला बसल्या. मागची बाजू आता टायरवर तोललेली, वर वजन काही नाही. जीपचं शेपूट वर आणि तोंड खाली, बैल वैरणीला वाकावा तसं. पहिल्या ब्रेकला आत्याबाई बाकड्याच्या मध्यावर आल्या. दुसऱ्या ब्रेकला माझ्या सीटच्या पाठीला टेकल्या. वेशीपाशी गतिरोधकावर त्यांनी माझ्या गळ्याला मिठी मारली. मला वाटलं लग्न ठरल्याचा आनंद आहे.

उतरल्यावर त्यांनी दादांना निरोप धाडला की शुक्रवारी मी असल्या घसरगुंडीत बसणार न्हाई. दुसरी गाडी मिळण्यासारखी नव्हती. मूळचे टायर मी मुनीरभाईकडं ठेवले होते आणि त्यानं ते एका गरजवंताला वापरायला दिले होते. शेवटी आईनंच मार्ग काढला. कॅन भरले की गाडी सरळ होते ना, मग भरलेले कॅन घेऊन चला. दादांना ते पटेना. गाव तहानलेलं असताना चेअरमननं पाणी बाहेर फिरवायला न्यायचं म्हणजे काय? पण मुलगा तिशीला टेकलेला. त्यांनी मला बजावलं की पाणी नुसतं वजन म्हणून न्यायचं, एक थेंब सांडायचा नाही आणि संध्याकाळी तसंच परत आणून गावात वाटायचं.

शुक्रवारी आम्ही निघालो. पुढं मी आणि दादा, मागं आई आणि आत्याबाई, आणि त्यांच्या पायाशी कॅनांची रांग. मी नवा शर्ट आणि पांढरी पँट घातली होती. गाडी एकदम सरळ चालली होती. आत्याबाईसुद्धा एकदा म्हणाल्या की बरं वाटतंय. मला टायरचा अभिमान परत यायला लागला.

दिंद्रुडच्या अलीकडं एका ओढ्यावरचा पूल उकरून ठेवला होता. गाड्या खाली कोरड्या वाळूतून जात होत्या. आमची जीप वाळूत रुतली. मला काळजी नव्हती, कारण तिला फोर व्हीलचा वेगळा दांडा होता. तो टाकला की चारही चाकं ओढतात. मी दांडा टाकला, जीप गुरगुरली आणि वाळूतून वर आली. दादांनी पहिल्यांदाच माझ्याकडं कौतुकानं बघितलं.

ते कौतुक डांबरी लागेपर्यंत टिकलं. चारही चाकं एकमेकांना बांधलेली, त्यात मागची मोठी आणि पुढची लहान. मोठं चाक एका फेऱ्यात जेवढं जातं, तेवढं लहान चाक जात नाही. वाळूत ते घसरून निभावलं, कडक रस्त्यावर दोघांचं जमेना. जीप पुढून ओढायला लागली, मागून ढकलायला लागली, मधूनच उड्या मारायला लागली. मी दांडा काढायला गेलो, तर तो सिमेंटात पुरल्यासारखा घट्ट. कशीबशी ती गावात शिरली आणि गंगाधररावांच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन अडली. ॲक्सिलेटर दिला की नुसती थरथरायची.

दादा म्हणाले, "मागं घेऊन बघ जरा."

मागं घेतली तर लोण्यावरून सुरी जावी तशी गेली. पुढं घातली की परत अडायची. मागं घेतली की परत चालायची. तेव्हा माझ्या सुपीक डोक्यात आलं की गल्ली जर गाडीच्या पाठीमागं आली, तर आपण रिव्हर्सनं दारापर्यंत जाऊ शकतो. तिथं चौकात बरीच खटपट करून, चार माणसं धक्क्याला लावून, मी जीप फिरवली आणि मागं मागं गल्लीत घातली. दादा आणि आई घर शोधायला चालत पुढं गेले, म्हणजे मागं गेले. आत्याबाई कॅन धरून बसल्या होत्या.

आता मला एक सांगा. दुष्काळात, आठवडाभर टँकरचं तोंड न बघितलेल्या गल्लीत, एखादी दणकट टायरांची गाडी रिव्हर्स घेत घेत येते, आणि तिच्यात कॅन डुचमळतायत. लोकांनी काय समजावं?

पहिल्यांदा कुठल्यातरी माडीवरून आवाज आला, "पानी आलं गं." मग घागरी वाजल्या. मी ब्रेक मारेपर्यंत हंडे, कळशा, बादल्या आणि एक पाळण्यातल्या लेकराचा टब असं सगळं जीपमागं जमलं होतं. आत्याबाई कॅनांवर आडव्या झाल्या आणि सांगायला लागल्या की हे पाणी न्हाई, हे वजन हाय. कुणी ऐकलं नाही. दोघी बायांनी त्यांना अलगद उचलून बाकड्यावर बसवलं आणि पहिल्या कॅनचं झाकण काढलं.

मी धावत मागं गेलो. पाणी वाचवायचं, असंच माझ्या मनात होतं. पण समोर ती झुंबड, धक्काबुक्की, सांडासांड बघितली आणि माझ्यातला सेक्रेटरी जागा झाला. मी जीपवर चढलो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, माप हातात घेतलं आणि रांग लावली. खरं सांगायचं तर मला त्यात मजा वाटायला लागली होती. गल्ली नवी होती, पण कामाची सवय जुनी होती.

निम्मी रांग झाल्यावर एक मुलगी दोन घागरी घेऊन पुढं आली. पदर खोचलेला, कपाळाला घाम. मी एक घागर भरली आणि दुसरी बाजूला सारली.

"एका घरी एकच," मी म्हणालो.

"आमच्याकडं आज पाव्हणे यायलेत. दोन लागतील."

"पाव्हणे आले म्हणून गावानं तहानलेलं ऱ्हायचं का? पाव्हण्यांनी आपलं पाणी आपण आणावं."

तिनं मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, एक घागर कमरेवर घेतली, दुसरी रिकामी हातात धरली आणि गेली. रांगेतल्या बायांना माझा कडक कारभार आवडला असावा, कारण त्या सगळ्या एकमेकींकडं बघून हसत होत्या.

शेवटचा कॅन रिकामा झाला तेव्हा दादा परत आले. आत्याबाईंनी त्यांना झालेली हकीकत सांगितली. दादांनी कॅन वाजवून बघितले. मग रागानं त्या अडकलेल्या दांड्यावर अशी लाथ घातली की तो खटकन सुटला. मी आयुष्यात त्यांना एवढं उपयोगी पडलेलं बघितलं नव्हतं.

गंगाधररावांच्या ओसरीत आम्ही बसलो. माझा शर्ट छातीपर्यंत भिजलेला, पँटला चिखल. गंगाधरराव भला माणूस, त्यांनी काही विचारलं नाही. दुष्काळात भिजून आलेल्या माणसाला काय विचारणार? दादांनी सोसायट्यांच्या थकबाकीचा विषय काढला आणि दोघं चेअरमन त्यात रमले. तेवढ्यात आतून मुलगी पाण्याचे पेले घेऊन आली. साडी बदललेली, पदर डोक्यावर, नजर खाली.

घागरीवाली.

तिनं दादांना पेला दिला, आईला दिला. माझ्यापुढं तबक धरलं. माझा हात पुढं होईना.

"घ्या की," ती हळूच म्हणाली. "तुमचंच हाय."

मी ते पाणी प्यायलो. मामाच्या विहिरीचं पाणी इतकं अवघड उतरतं हे मला माहीत नव्हतं. त्यानंतर मुरमुऱ्यांचा सुशीला आला, चहा आला, आत्याबाईंनी तिला शिक्षण आणि स्वयंपाक विचारला. मला काही विचारायचं आहे का असं गंगाधररावांनी म्हटलं. मी मान हलवली. मला जे बोलायचं होतं, ते मी जीपवरून बोलून बसलो होतो.

परत निघताना नवीन अडचण. कॅन रिकामे, जीपचं तोंड पुन्हा खाली, आणि आत्याबाई चढायला तयार नाहीत. दादांना ते सगळं सांगावं लागलं. गंगाधररावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पानी तर आमच्याकडं न्हाई," ते म्हणाले, "पर दगडं लागतील तेवढी हायेत."

मग दोन्ही चेअरमननी मिळून दुधाच्या कॅनांत दगडं भरली. गाडी सरळ झाली. वाटेत फक्त कॅन बोलत होते. गावात वेशीवर लोक घागरी घेऊन थांबले होते. कॅन जड दिसल्यावर त्यांनी हौसेनं झाकणं उघडली. पुढं सोसायटीची निवडणूक आली, तेव्हा विरोधी पॅनलला दुसरा मुद्दाच शोधावा लागला नाही. पाणी देऊन दगडं आणणारा चेअरमन, एवढंच ते सभेत म्हणायचे आणि खाली बसायचे. दादा पडले. माझं सेक्रेटरीपदही त्यांच्याबरोबर गेलं. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी मी मूळचे टायर सोडवून आणले आणि ते मोठे परत ट्रॉलीला लावले. मुनीरभाईला मात्र शेवटपर्यंत वाटत होतं की चूक पुढच्या टायरांची होती, ते लहान पडले.

पण दिंद्रुडहून होकार आला. कुणालाच खरं वाटेना, मला सगळ्यात कमी. त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. (पाणी टँकरचं. खऱ्या टँकरचं.) सुनंदा घरी आली. मी मनाशी एक समजूत करून घेतली होती की तिला माझी शिस्त आवडली असणार. नियम म्हणजे नियम, पाहुणे असोत की कुणी. आजकाल अशी माणसं कुठं असतात? पाच-सहा वर्षं मी ती समजूत जपली आणि एकदा, ती भाकरी थापत असताना, सहज विचारून टाकलं की त्या दिवशी एवढं होऊनही तू हो कावून म्हणलीस.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"मला वाटलं तुमचा टँकर हाय," ती म्हणाली. "त्याच्या आधल्या हप्त्यात चारा छावणीवाल्याचं स्थळ आलतं. मी बापूंना म्हणलं, कडब्यापरीस पानी बरं."

म्हणजे माझी टक्कर कडब्याशी होती. आणि त्यातही मी निवडून आलो, तो मतदाराच्या गैरसमजावर.