रिंगा दाबणारे हात

माझी जुनी क्रूझर मोटरसायकल एकट्याला घेऊन झोकात चालायची, पण मागे बायको बसली की चढावर गाडीला धाप लागायची. त्यावरून बायको माझ्यावरच रुसायची, जणू मीच तिच्या वजनाचा विषय काढला. म्हणून निवृत्त झाल्यावर इंजिनच मोठं करायचं ठरवलं. सदर बाजारातल्या लेथवाल्याकडून सिलिंडरचा बोर, म्हणजे आतला व्यास, वाढवून आणला, मोठा पिस्टन घेतला आणि घरच्या व्हरांड्यात पसारा मांडला. तेवढ्यात पुण्याला मुलीचं बाळंतपण आलं. बायको सव्वा महिन्यासाठी म्हणून गेली. पावसाळा सरला, थंडी सुरू झाली, तरी ती तिकडेच.

इकडे काम एका जागी अडलं. पिस्टनवर सिलिंडर बसवताना एकाने सिलिंडर धरून हळूहळू खाली सोडायचा आणि दुसऱ्याने पिस्टनच्या रिंगा बोटांनी दाबून आत घालायच्या. हे दाबायचं काम नेहमी बायकोचं. तिची बोटं बारीक, आणि धीर माझ्यापेक्षा जास्त. फोनवर माझं रोज एकच रडगाणं असायचं, एका हाताने टाळी वाजत नाही, तू आल्याशिवाय हे इंजिन बसायचं नाही. ती म्हणायची, येते, येते.

शेजारच्या भैयांनी मदतीचं विचारलं, तर मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. खरं सांगायचं तर इंजिनाची मला घाईच नव्हती. ते उघडं पडलंय तोवर तिला यावं लागणार, एवढाच काय तो भरवसा होता. घर खायला उठायचं. जेवताना मी टीव्हीवर बातम्या लावायचो, तिथे निदान माणसं एकमेकांवर ओरडत तरी असतात.

एकदा जवळच्या पनागर गावाला भाजी आणायला गेलो. तिथे एक शेतकरी पाण्याच्या मोटरचा पाइप लोखंडी क्लिपने आवळत होता. ते पाहिलं आणि डोक्यात किडा वळवळला. तशीच क्लिप विकत आणून रिंगांभोवती आवळली, दोन्ही हातांनी सिलिंडर खाली सोडला. रिंगा निमूट आत गेल्या. मग मला राहवेना. बाकीचं भराभर जोडलं, इंजिन सुरू केलं आणि बायकोला फोन लावून आवाज ऐकवला.

"एकट्याने बसवलं," मी म्हणालो. "कुणाचा हात लागू दिला नाही."

फोनवर तिच्या मागे नातू रडत होता.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. तिच्या मनावरचं ओझं उतरलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. "माझ्यावाचून तुमचं कसं होईन, हीच काळजी लागून राहिली होती. पोरगी नोकरी करून राहिली, बाळाला कोण पाहीन? आता मी इथंच राहते. राहू ना?"

नको राहू, ये, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण नुकतीच मारलेली बढाई आडवी आली.

"राहा की," मी म्हणालो. "माझं काय अडतंय?"