हरणाबाईची पांढरी कण्हेर

हरणाबाईच्या तोंडी लागू नये, असं आख्खं ईट गाव सांगतं. मी शेजारीण, मला रोजच लागावं लागतं. सत्तरी ओलांडलेली ही धनगराची बाई अंगणात शेळ्या बांधायची आणि न्हाणीच्या पाण्यावर पांढरी कण्हेर वाढवायची. फुलं सोमवारी महादेवाला. झाड विषारी, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तिच्या एकाही शेळीनं त्याला कधी तोंड लावलं नाही. हिरवं पान कडूजहर; शेळी हुंगते आणि पुढं जाते.

नातू रांगायला लागला तशी सून वर्षाराणी हटून बसली, झाड तोडा. तिचंही चूक नव्हतं. रांगतं पोर हाताला येईल ते तोंडात घालतं. हरणाबाई ऐकेना. "पोरावर नजर ठिवायला काय व्हतंय तुला?" रोज तेच भांडण. शेवटी हरणाबाई भूमच्या बाजाराला गेलेली बघून तिच्या लेकानं, मल्हारनं, झाडावर कुऱ्हाड घातली. आईला तोंडावर सांगायची छाती नव्हती, पाठीमागं तोडायची होती! माझंच डोकं फिरलं, तर तिचं काय झालं असेल.

बाजारातून आली तर अंगणात फांद्यांचा ढीग. तिनं गल्ली डोक्यावर घेतली आणि बजावलं, "ज्यानं तोडलं त्यानंच उचलायचं. म्या हात लावणार न्हाय."

मल्हारही तिच्याच पोटचा. "माय, झाड तुझं, तूच उचल."

या दोघांच्या ताठ्यात ढीग जागीच वाळला. सुकलेल्या पानांचा कडूपणा शेळ्यांना कळत नाही, हे घरात कुणाच्याच ध्यानात आलं नाही. एका दुपारी चंद्री शेळी सुटली. बाईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, पहिल्यांदाच गाभण राहिलेली तरणी पाठ. तिनं ढिगाला तोंड घातलं आणि दिवस मावळायच्या आत तडफडून मेली.

लोक जमले. भागवत वाण्यानं शहाणपणा केला, "बघा आजी, इखारी झाड. बरं झालं तोडलं."

हरणाबाई उसळली. "गप ऱ्हा! उभं व्हतं तवर कुणाची शेळी मारली त्यानं? तवर तेच सांगत व्हतं, मला खाऊ नगं. आमी मायलेकानं त्याचं तोंड बंद केलं!"

मल्हार खाली मान घालून फांद्यांकडं वाकला.

"आता उचलतूस व्हय रे?" ती लेकावर ओरडली आणि त्याच्याआधी स्वतःच ढिगात हात घातला.