गारगोटीभोवतीचं चामडं

दिवाणखान्यातली गारगोटीच्या ठिणगीवर उडणारी बंदूक मी सुटे भाग मागवून जोडली. काल शेजारच्या अण्णांसमोर तिचा चाप ओढला. बार भरलेला नव्हता, तरी ठिणग्यांचा झुबका उडाला.

“काय हात आहे तुमचा,” अण्णा म्हणाले.

हे कौतुक मी वीस वर्षं गुपचूप घेत आलो. खरं तर चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटणारा जो बंदुकीचा घोडा, त्याच्या पकडीतून माझी गारगोटी सारखी निसटायची. बायकोने, सुमतीने, तिला चामड्याचा तुकडा गुंडाळला, तेव्हा पहिली ठिणगी पडली. दगड आणि लोखंडाच्या मध्ये काहीतरी मऊ लागतं. ते कुणी बघत नाही.

“अण्णा, ही करामत हिची. हिच्या जुन्या चपलेचं चामडं आहे ते.”

“नवी होती,” स्वयंपाकघरातून आवाज आला. “सांगताय तर पूर्ण सांगा.”