रोह्याला राहिलेला कोल्हा

आम्ही दोघांनी शेवटचं काय केलं, तर कोल्हा बघितला. खरा नाही, मोबाइलमधला. तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवलेला, ताटात भाकरी आणि सुकट, आणि मी मधे काही बोललो की ती हात वर करायची. म्हणजे गप बसा. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्यासाठी तिनं कुणाला असं गप बसवलं नाही. कोल्ह्यासाठी मला बसवायची.

त्या कोल्ह्याला एकच डोळा होता. दुसऱ्या जागी नुसतं पांढरं. त्याच्यासोबत एक पोरगा, पाठीला कंदील बांधलेला. दोघं मिळून हरवलेला डोळा शोधत फिरायचे. डोंगर चढायचे, भुतं भेटायची, कुठेतरी बसून गरम काहीतरी खायचे, परत चालायचे. गोष्ट एवढीच. त्या संध्याकाळी ते एका तळ्यापाशी आले, कोल्हा पाण्यावर वाकला आणि भाग संपला. तिनं पुढचा दाबला. उघडेना. परत दाबला. तरी नाही.

तिनं मुलाला फोन लावला. मुलगा नागोठण्याला कंपनीत असतो, नुकता शिफ्टवरून आलेला.

"आई, पुढचं आपल्या ॲपवर नाय येणार. शेवटचे भाग दुसऱ्या कंपनीनं घेतलेत. त्यांच्याकडंच बघायचे."

"त्यांच्याकडं म्हणजे कुठं?"

"मावशीकडं हाय ना, ते ॲप."

मावशी म्हणजे हिची धाकटी बहीण, माझी मेहुणी, रोह्याला असते. साडू आधीच गेला, मुलगा आखातात, घरात ती एकटी. फोन ठेवला तेव्हा हिचं तोंड असं झालं होतं, जसं माहेरचं बोलावणं आलंय.

सकाळी पिशवी भरता भरता मला म्हणाली, "येता काय?"

मी म्हटलं, "कोल्हा बघायला रोह्याला? मला दुसरं काम नाय?"

आता हे नीट सांगितलं पाहिजे. आमच्या घरात पहिल्या खेपेला कोणी हो म्हणत नाही. भात वाढू? नको. चहा टाकू? नको. मग दुसऱ्यांदा विचारतात, तेव्हा ताट पुढे करायचं. माझा बाप असाच जेवला, मी असाच जेवलो. हिला ते पाठ होतं. भात घेऊन ती उभीच राहायची, मी नको म्हटलं तरी हलायची नाही. त्या सकाळी मात्र बाहेर पेणच्या एसटीचा हॉर्न वाजला. "भात झाकून ठेवलाय," म्हणाली आणि गेली. दुसऱ्यांदा विचारलंच नाही. मी येणार होतो. धुतलेला सदरा काढून ठेवला होता खाटेवर.

आम्ही पेणजवळच्या जोह्याची माणसं. घरटी गणपतीचा कारखाना, नाहीतर कोणाच्या तरी कारखान्यात हजेरी. मी साचे भरायचो, मूर्ती सुकली की पॉलिश पेपर मारायचो. ती डोळ्यांची आखणी करायची. आखणी सगळ्यात शेवटी होते आणि ती चालू असताना कारखान्यात कोणी मोठ्यानं बोलत नाही. म्हणजे दिवसभर मी तिच्यापासून दोन हातांवर बसून गप, आणि घरी आलो की कोल्ह्यापायी गप.

हे जपानी कार्टून आमच्या घरात रोह्याहून आलं. त्याला ॲनिमे म्हणतात, हेही मेहुणीनंच शिकवलं. ते तिला तिच्या मुलानं लावलं. मुलगा गेला आखातात, सवय राहिली तिला. एका भाऊबीजेला आम्ही रोह्याला होतो, तेव्हा दोघी बहिणी एका गोधडीत बसून मोबाइलमधे डोकं घालून होत्या. माझी बायको म्हणाली, "अगो, यांचे डोळे बघ. केवढे काढतात! नि आतला उजेड बघ." झालं. गोष्ट तिनं नंतर ऐकली. आधी डोळेच बघितले.

पुढच्या हंगामात एका मूर्तीला तिनं बुबुळात दोन पांढरे ठिपके दिले, एक मोठा, एक बारीक. आमच्याकडे एकच देतात. मालक आला, बघत राहिला.

"वैनी, हा गणपती पेणचा का जपानचा?"

"कुठला का असंना, बघतो कसा ते सांगा."

मालक हसला, पण मूर्ती मागच्या फळीवर सरकवली. ती मेहुणीनं नेली, रोह्याला. मुद्दाम येऊन नेली. मी म्हटलं होतं हिला, यंदा आपल्या घरी तीच बसवू. तर म्हणाली, "तिनं आधी मागितली." तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे ते. विसर्जन होऊन गेलं तरी आहे.

आणि तो कोल्हा! त्याचा पांढरा डोळा दिसला की ही बोटं अशी धरायची, ब्रश धरल्यासारखी. "मला दिला असता ना, एका मिनटात भरला असता." माझ्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता तेव्हा म्हणाली, "डॉक्टरकडं जा." बस. कोल्ह्यासाठी मात्र जीव तुटायचा.

एक मला कधी कळलं नाही. आमच्याकडे पण साचे ज्याचे त्याचे असतात. या मालकाचा साचा त्या मालकाला मिळत नाही, आणि चोरला तर भांडणं पार पोलिसांपर्यंत जातात. ते बरोबर आहे. पण गिऱ्हाईक एका कारखान्यात गेलं की अख्खा गणपती घेऊन बाहेर पडतं. पाय इथं, पोट तिथं आणि सोंड तिसऱ्या गावाला, असं कोणी विकत नाही. या मोबाइलवाल्यांनी कोल्ह्याचं तेच केलं. सुरुवात एका फुकट ॲपवर होती, मधे मधे साबणाच्या जाहिराती. मग तिथून गेला. मधला भाग मुलानं घेतलेल्या ॲपवर, हिंदीतून. शेवट रोह्याला. हिच्यासारख्या बघणाऱ्या बाईनं काय करायचं? एसटी पकडायची.

गेली त्या संध्याकाळी तिचा फोन आला. मागून मेहुणी खिदळत होती.

"अवो, हिच्याकडं हिंदी नायच! सगळं जपानीत, खाली इंग्लिश लिहिलेलं. आम्हाला दोघींना काय कळतंय?"

"मग ये परत."

"कशाला? आम्हीच बोलतोय. मी कोल्ह्याचं बोलते, ही पोराचं."

मागून मेहुणी ओरडली, "भावोजी, तुमचा कोल्हा लय शिव्या देतो!"

मग दोघी इतक्या हसल्या की फोन कानापासून लांब धरावा लागला. मी विचारलं, डोळा मिळाला का. ती म्हणाली, "अजून दोन भाग ऱ्हायलेत. उद्या आल्यावर सांगते सगळं." भात खाल्लात का विचारलं. मी "नाय" एवढंच बोललो आणि फोन ठेवला. मला वाटलं, परत लावेल. लावला नाही. कोल्हा बघत असणार.

सकाळी फोन मेहुणीचा आला. ही उठलीच नाही. रात्री झोपली ती झोपली. डॉक्टर म्हणाला हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. त्याला काय माहीत? तो तरी कुठे होता तिथं?

तिला जोह्याला आणली, सगळं केलं. बाराव्याला मेहुणी आली आणि माझ्यासमोर बसली. डोळे सुजलेले. पण मी बघत होतो ते वेगळंच. मी बघत होतो की हिच्याकडे एक संध्याकाळ आहे, जी माझ्याकडे नाही. शेवटची. माझी बायको तिच्यापाशी हसली, जेवली, कोल्ह्याच्या आवाजात बोलली. मला झाकलेला भात आला.

ती म्हणाली, "भावोजी, त्या संध्याकाळी ताई..."

"गप बस."

"अवो, ऐका तरी. तिला इतकं..."

"मला नाय ऐकायचं. तुझं तुझ्यापाशी ठेव."

ती पदर तोंडाला लावून उठली. मुलगा माझ्यावर डाफरला. डाफरू दे. रडायला तिच्याकडे काहीतरी होतं. माझ्यावर सुकट बघत बसायची वेळ आली होती.

मग पावसाळा संपता संपता मेहुणीनं माझ्या मुलाला फोन केला. म्हणे, तिच्याकडचा कोल्हा गेला. काल होता, आज नाही. मुदत संपली म्हणतात, आता सगळाच्या सगळा तिसऱ्या कंपनीनं घेतला, आणि तिच्या मुलानं काही ते ॲप घेतलेलं नाही. "ताईबरोबर बघितलेले भाग मला परत बघायचे होते," असं म्हणत रडत होती. मुलानं मला हे सांगितलं आणि मी हसलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. म्हटलं, आता तू पण बस माझ्यासारखी.

आणि मुलाला म्हटलं, "ते तिसरं मला लावून दे."

"बाबा, तुम्हाला ॲनिमे?"

"लावून दे म्हटलं ना."

रविवारी सुट्टीला आला तेव्हा त्यानं लावून दिलं. शेवटचे भाग काढून कुठं दाबायचं ते दाखवलं, आणि दुपारची गाडी पकडून गेला. दिवेलागणीला मी भाकरी घेऊन बसलो. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवला. तळं आलं, कोल्हा वाकलेला. हिंदी इथंही नव्हतं. पोरगा जपानीत काहीतरी बोलला, कोल्हा जपानीत काहीतरी बोलला. मी चौथी शिकलेला, खालचं इंग्लिश म्हणजे मला मुंग्या. तरी बसलो. एकामागून एक सगळे भाग बघितले. रोह्यावाल्या बाईच्या हातून कोल्हा सुटला होता आणि माझ्या घरात होता, पूर्ण. मला वाटलं होतं, हे बघितलं की फिटलं.

शेवटी त्याला डोळा मिळाला. तो पोरगा कंदिलातली ज्योत बोटावर घेतो आणि त्या पांढऱ्या जागेत टेकवतो. हळूच, आखणी करतात तसाच. आणि डोळा उघडतो तेव्हा बुबुळात दोन ठिपके. एक मोठा, एक बारीक.

मी बाजूला बघितलं. तिथं ती बसायची.

हे बघून ती गप बसली नसणार. शक्यच नाही. मांडीवर थाप मारली असेल, बहिणीला ढोसलं असेल, मालकाच्या नावानं काहीतरी बोलली असेल. आणि कोल्ह्याच्या तोंडी तेव्हा काय घातलं असेल तिनं? मी ते शेवटचं चित्र परत लावलं. कोल्हा परत जपानीतच बोलला. मला त्याचं बोलणं ऐकायचंच नव्हतं. मला जे पाहिजे होतं ते कुठल्या कंपनीकडे नव्हतं. ते रोह्याला होतं, त्या बाईपाशी, आणि मीच तिला म्हटलं होतं तुझं तुझ्यापाशी ठेव.

असा राग आला मला तिचा. अजून येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो धुतलेला सदरा घातला. पेणला आलो, तिथून रोह्याची एसटी धरली. नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा वाटलं, उतरावं, मुलाकडे जावं आणि संध्याकाळी परत फिरावं. नाही उतरलो.

मेहुणी ओटीवर चिंचा फोडत बसली होती. मला बघून हातातला कोयता खाली ठेवला.

"वाट चुकलात काय, भावोजी?"

"नाय."

"मग? गप बसायला सांगायला आलात परत?"

"जास्ती बोलू नको. ती कुठं बसली होती?"

तिनं हात पदराला पुसले. मग आत गेली. मी चपला काढून मागोमाग. खिडकीखाली सतरंजी होती, तिच्या एका टोकाकडे तिनं बोट केलं. तिथं धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता. मी तो उचलला, पलीकडे ठेवला आणि तिथं बसलो. भिंत गार होती. मोबाइल कशाला टेकवला होता विचारलं, तर म्हणाली पितळेच्या तांब्याला. तांब्या तिथंच होता.

"डोळा भरला तेव्हा काय बोलली?"

"सांगते. सगळं सांगते. आधी चहा टाकू?"

"व्हय," मी म्हटलं. "टाक."

ती दारातच थांबली. मला दुसऱ्यांदा विचारायला तिनं तोंड उघडलंच होतं, ते तसंच राहिलं.